पुरावशेषांचे लेसर स्कॅनिंग

वास्तू, शिल्प किंवा उत्खननातील चर यांच्या पृष्ठभागाचे लेसर किरणांनी त्रिमितीय मोजमाप घेण्याची पद्धत. तिपाईवरचा स्कॅनर स्वतःभोवती फिरत सेकंदाला लाखो किरण सोडतो. किरण परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर निघते. प्रकाश एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) सुमारे ३० सेंमी जातो. त्यामुळे जाणे-येणे धरता वेळेत एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतर १५ सेंमीने चुकते. मोजलेल्या बिंदूंच्या समूहाला पॉइंट क्लाउड म्हणतात. दगड अमुक दिवशी कसा होता, एवढेच एका स्कॅनवरून कळते. झीज किंवा कल समजतो तो पुढचा स्कॅन त्यावर ठेवून पाहिल्यावर.

कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते, पण खणलेले थर पुन्हा पाहता येत नाहीत. म्हणून आता उत्खननात प्रत्येक थर उचलण्यापूर्वी स्कॅन घेणे इष्ट.

मंदिरासाठी शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हे चांगले उदाहरण आहे. ४८ खांबांच्या स्वर्गमंडपात एका जागेवरून स्कॅन घेतला तर प्रत्येक खांबामागे आंधळी पट्टी राहते. त्यामुळे स्कॅनरच्या जागा दाट लागतात आणि शेजारच्या दोन स्कॅनमध्ये किमान ३० टक्के भाग सामाईक ठेवावा लागतो. १० मीटरवर ६ मिमी अंतराने बिंदू घेतले तर एका जागेवर साडेचार कोटींच्या आसपास बिंदू जमतात. २० मीटरवर हेच अंतर १२ मिमी होते. गजपट्टावरच्या (मंदिराच्या तळाशी कोरलेल्या हत्तींच्या पट्ट्यावरच्या) हत्तींचे दागिने त्यात पुसट होतात. अशा कोरीवकामासाठी स्कॅनर तीन-चार मीटरवर आणावा, त्याहून बारीक नक्षीला छायाचित्रमापनाची (अनेक छायाचित्रांवरून मोजमाप काढण्याची) जोड द्यावी.

स्वर्गमंडपाच्या उघड्या छतातून पडणारा उन्हाचा गोल काम चालू असताना फरशीवर सरकत राहतो. मग एका स्कॅनमध्ये लखलखीत दिसणारी फरशी शेजारच्या स्कॅनमध्ये काळी येते. मोजमाप बिघडत नाही, रंग बिघडतो. रंगासाठीची छायाचित्रे ऊन चढण्याआधीच काढून घ्यावीत. भिजलेल्या काळ्या दगडावरून मात्र बिंदूच कमी येतात, कारण अनेक स्कॅनर वापरतात तो १५५० नॅनोमीटरचा लेसर पाणी शोषून घेते. पितळी पत्रा उलट किरण भलतीकडे उडवतो आणि खांबाच्या कडेवर किरण अर्धा पुढे, अर्धा मागे पडून हवेत तरंगणारे खोटे बिंदू तयार होतात. ते गाळावे लागतात. भाविकही स्कॅनमध्ये उमटतात. गर्दीच्या दिवशी काम न केलेले बरे.

पन्हाळगडावरच्या अंधारबाव या विहिरीसारख्या अरुंद जागेत अडचण निराळी असते. स्कॅन एकामागोमाग एक जोडत गेले की प्रत्येक जोडातली मिलिमीटरची चूक साचत जाते. यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांना टार्गेट (स्कॅनमध्ये ओळखू येणाऱ्या खुणा) लावून ते टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या सर्वेक्षण-यंत्राने) मोजणे. सॉफ्टवेअर जुळणी ‘उत्तम’ दाखवते तेव्हाही हे टाळू नये.

कायमचे नियंत्रण बिंदू, म्हणजे वेगवेगळ्या वेळचे स्कॅन जुळवण्यासाठीच्या स्थिर खुणा, वास्तूवर ठोकायचे नसतात. संरक्षित स्मारकात तशी परवानगीही गृहीत धरू नये. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत ते वरवर रोवले तर माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बिंदू हलतात. मग पुरानंतरच्या स्कॅनमध्ये अख्खे मंदिर सरकल्यासारखे दिसते! खोल पाया घेतलेले किमान चार बिंदू असावेत, म्हणजे एखादा हलला तर उरलेल्या तिघांवरून तो उघडा पडतो.

दोन्ही स्कॅनची चूक प्रत्येकी ३ मिमी धरली, तर फरकातली चूक सव्वाचार मिमीच्या आसपास जाते. त्याहून कमी फरकाला झीज म्हणू नये. पृष्ठभागाआडची पोकळी लेसरला दिसत नाही. पोपडा सुटला आहे का, ते टिचकी मारून आवाजावरून पाहावे लागते.

साठवताना मूळ स्कॅन ई५७ (E57) या फाइल-स्वरूपात, नियंत्रण बिंदूंचे निर्देशांक आणि त्यांच्या जागांची छायाचित्रे एकत्र ठेवतात. नुसते रंगीत मॉडेल हाती असेल, तर पुढच्या स्कॅनशी त्याची खात्रीची तुलना करता येत नाही.