समुद्रकड्यावरचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट

‘स्टेनलेसचा बोल्ट एकदा बसवला की पिढ्यानपिढ्या बघायला नको,’ असं कातळ चढणाऱ्यांमध्ये, दोर अडकवायला कड्यात बसवलेल्या बोल्टबद्दल, कायम फिरत असतं. समुद्रापासून दूर, कोरड्या कातळात ते बरंचसं खरं ठरतं, म्हणूनच हा समज टिकलाय. किनाऱ्यावर मात्र नाही. थायलंडमध्ये रायले-तोनसाई या किनाऱ्यावरच्या चढाईच्या ठिकाणी चुनखडीत ३०४ आणि ३१६ या स्टेनलेसच्या नेहमीच्या ग्रेडचे बोल्टही काही वर्षांतच तुटले. समुद्राच्या मिठातलं क्लोराइड आणि धातूतला ताण मिळून केसाएवढ्या भेगा पाडतात. वरून बोल्ट धड दिसतो. चुंबक लावून ग्रेड कळत नाही; हँगरवरचा, म्हणजे बोल्टला लावलेल्या भोकाच्या पट्टीवरचा, शिक्का वाचा, नसेल तर बसवणाऱ्याला विचारा. रायले-तोनसाईत आता टायटॅनियमचे बोल्ट भोकात चिकटवतात. महाग पडतात, पण गावातल्या गाइडचं पोट त्याच कड्यावर आहे. कोकणातही समुद्रकड्यावर मार्ग आखताना पहिला खर्च इथेच करावा.