कोरडा की कफाचा?

औषधाच्या दुकानात ‘खोकल्याचं काहीतरी द्या’ म्हटलं की दुकानदार विचारतो, ‘कोरडा की कफाचा?’ याचं उत्तर घाईत देऊ नये. कारण पुढे हातात पडणाऱ्या बाटल्या दिसायला सारख्या, चवीलाही सारख्या, पण काम उलट करणाऱ्या असतात. एक खोकला दाबते, तर दुसरी कफ पातळ करून तो सुटायला मदत करते.

घशात किंवा श्वासनलिकेत काही टोचलं, साचलं की तिथल्या नसा मेंदूच्या तळाशी वर्दी देतात आणि तिथून छाती-पोटाच्या स्नायूंना हुकूम सुटतो. खोकला दाबणारं, चिठ्ठीशिवाय सर्रास मिळणारं डेक्स्ट्रोमेथॉर्फन नेमकं तिथे, मेंदूत काम करतं. घशावर त्याचा थेट परिणाम नाही. घोट उतरताना जो आराम वाटतो तो बराचसा साखरेच्या पाकाचा! खोकल्याचा हुकूमच मेंदूत दाबला जात असल्याने, बेडके पडत असतील, दमा असेल किंवा तापाबरोबर धाप लागत असेल, तर हे औषध स्वतःहून घेऊ नये. बाहेर पडायचा कफ आत अडकून राहतो. रात्री झोपू न देणारी कोरडी ढास असेल तर दोन-चार दिवस घ्यायला हरकत नाही. मात्र साध्या सर्दीच्या खोकल्यात त्याचा गुण किती, याचे पुरावे तसे तोकडेच आहेत.

बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांतल्या नावाने फारसं काही कळत नाही. मागची बारीक अक्षरं वाचावीत. मोठ्यांसाठी डेक्स्ट्रोमेथॉर्फनची मर्यादा २४ तासांत १२० मिलिग्रॅम. पण बाटलीत ते एकटं क्वचितच असतं. सोबत क्लोरफेनिरामीन हे ॲलर्जीचं औषध असेल तर झोप येते, म्हणजे गाडी चालवणं बंद. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवीही त्याने अडू शकते. चोंदलेलं नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन असेल तर रक्तदाबवाल्यांनी जपावं. अशा मिश्रणात लेबलवरचाच डोस खरा, १२० चा हिशोब तिथे लावू नये. वर सर्दीची गोळीही चालू असेल, तर तेच क्लोरफेनिरामीन पोटात दुप्पट जातं आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. मोजायला बाटलीचं खुणा असलेलं झाकण वापरावं, पोह्यांचा चमचा नको.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा निचरा यकृतातलं एक एंझाइम करतं. नैराश्यावरच्या फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिनसारख्या गोळ्या ते एंझाइम रोखतात, म्हणजे औषध अंगात साचतं. शिवाय त्या मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायनही वाढवतात. डेक्स्ट्रोमेथॉर्फनही सेरोटोनिन वाढवतं. दोन्ही एकत्र आली तर थरथर, घाम, धडधड, भ्रम असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात दिलं जाणारं लिनेझोलिडही याच धोक्याच्या यादीत येतं. मानसिक आजाराची गोळी चालू आहे हे दुकानात चारचौघांत सांगायला माणूस कचरतो, आणि घोळ तिथेच होतो. निदान गोळ्यांची पट्टी तरी पुढे करावी.

या औषधाचं रसायनशास्त्रही चमत्कारिक आहे. त्याच्या रेणूचं आरशातलं प्रतिबिंब म्हणजे लेव्होमेथॉर्फन. अणू तेच, फक्त मांडणी डावी-उजवी. पण हे प्रतिबिंब अफूच्या जातीचं, श्वास मंदावणारं. २०१२ च्या अखेरीस पाकिस्तानात लाहोर आणि गुजराँवाला इथे सिरप प्यायलेली पन्नासहून अधिक माणसं दगावली. त्यातल्या अनेकांनी ते नशेसाठी ढोसलं होतं हे खरं. पण त्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनमध्ये लेव्होमेथॉर्फन मिसळलेलं निघालं.

लहान मुलांचा हिशोब वेगळाच. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात २०२५ मध्ये ‘कोल्ड्रिफ’ सिरपमुळे २० हून अधिक मुलं गेली. अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये खोकला दाबणारं औषध नव्हतंच. मूत्रपिंडं निकामी करणारं डायएथिलीन ग्लायकॉल त्यात सापडलं. अशी भेसळ घरी ओळखता येत नाही. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने जे बजावलं ते मात्र भेसळ नसलेल्या बाटलीलाही लागू आहे: दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नकोत. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो. त्याआधी मध चाटवू नये, आजीने कितीही आग्रह केला तरी. त्यातून तान्ह्या बाळांना बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

साधा विषाणूजन्य खोकला दोन-अडीच आठवडेही रेंगाळतो. तरीही आपल्याकडे दोन आठवडे उलटले की थुंकीची तपासणी करायची असते, क्षयरोगासाठी. थुंकीतून रक्त आलं तर तेवढंही थांबायचं नाही. आणि खोकला कोरडा असेल, ताप नसेल, तर रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते बघावं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना महिनोन्‌महिने ढास लागते. ती सिरपच्या बाटल्या रिचवून हटत नाही. गोळी मनाने मात्र बंद करायची नाही. डॉक्टरांनी ती बदलून दिली की खोकला बहुधा १ ते ४ आठवड्यांत थांबतो.