शहाळं, कुंदा आणि आपले हात

संध्याकाळी चारच्या सुमाराला बेळगावातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यासमोर उभं राहा. खानापूर, नंदगड, कडोली, उचगावकडून आलेली माणसं गेटवर जमलेली असतात. कुणाच्या हातात शहाळ्यांची पिशवी, कुणाकडे कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा डबा. लग्नाला गेलं नाही तर एकवेळ चालतं, पण ‘आजारपणात बघायला आला नाही’ हे भावकी वर्षानुवर्षं विसरत नाही. वॉचमन म्हणतो दोघांनाच सोडणार, आणि पासावरून मराठी-कानडी अशी दुहेरी हुज्जत सुरू होते. वॉचमन संसर्ग अडवतोय आणि पाहुणे माया घेऊन आलेत, अशी आपली समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

२००६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी एका आयसीयूतल्या २२६ रुग्णांवर केलेला छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन महिने भेटीची वेळ काटेकोर, दोन महिने मोकळी, असं आलटून पालटून दोन वर्षं चाललं. मोकळ्या काळात खोलीतल्या पृष्ठभागांवर आणि हवेत जंतू जास्त सापडले, पण रुग्णांमधले गंभीर संसर्ग वाढले नाहीत. उलट हृदय आणि रक्ताभिसरणाच्या गुंतागुंती काटेकोर काळात सुमारे दुप्पट झाल्या. माणूस घाबरला की ॲड्रेनॅलिन वाढतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, आणि आजारी हृदयावर तो बोजा पडतो. ओळखीचं माणूस शेजारी असलं की ही भीती उतरते.

यावरून पास फाडून टाकायची घाई नको. त्या मोकळ्या काळातही एका रुग्णाला दिवसात सरासरी तीनच भेटी होत होत्या आणि एकूण वेळ अडीच तासांच्या थोडा पुढे. म्हणजे मोजकी माणसं, निवांत बसलेली. आपल्याकडे ट्रॅक्स भरून गाव येतं, पलंगाभोवती कडं करतं आणि पाच मिनिटांत जातं. जाण्याआधी प्रत्येकजण विचारतो, ‘काय झालं, कसं झालं?’ न्यूमोनियातून उठलेल्या माणसाला बोलणं हे काम असतं, कारण बोलताना श्वास हळूहळू आणि लांबवर सोडावा लागतो. तीच हकीकत आठव्यांदा सांगताना त्याला धाप लागते. ती सोबतच्या माणसाने व्हरांड्यात सांगून टाकलेली बरी.

आता जंतूंकडे वळू. दवाखान्यातले त्रासदायक जंतू एका पलंगावरून दुसऱ्यावर जातात ते बहुतेक हातांवरून. असिनेटोबॅक्टर किंवा स्टॅफिलोकॉकस कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस, कधी आठवडेही टिकतात. पलंगाचा कठडा, सलाईनचा स्टँड, दाराची कडी, सगळीकडे. आपण कठड्याला टेकतो, शेजारच्या पेशंटची चौकशी करताना त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि बदली झाली. हातांच्या कातडीत कायमचे राहणारे जंतू वेगळे. हे नवे पाहुणे वरवर चिकटलेले असतात, म्हणून साबण-पाण्याने निघतात. स्पिरिटवालं सॅनिटायझर वीस-तीस सेकंद नीट चोळलं तरी काम होतं. जुलाबाचा रुग्ण असेल तर मात्र साबणच वापरावा, कारण जुलाब करणाऱ्या काही जंतूंवर अल्कोहोल फारसं चालत नाही.

मला गंमत वाटते ती चपलांची. आयसीयूच्या दाराशी सगळे शहाण्यासारखे चपला काढतात, त्याही वाकून हाताने, आणि तोच हात घेऊन आत जातात. संसर्गात हातांच्या मानाने पावलांचा वाटा फारच लहान आहे. सर्दी झालेल्याने तर दारातूनच परत फिरावं. फ्लूचा माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून विषाणू पसरवू शकतो, पण निदान नाक वाहतंय हे तरी कळतंच ना! केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला आपली साधी सर्दीसुद्धा महागात पडू शकते.

म्हाताऱ्या माणसांचं प्रकरण वेगळं. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या रात्री आजी अचानक बरळायला लागते, सलाईन उपटते, मेलेल्या दिराला हाका मारते. घरच्यांना वाटतं वेड लागलं, कुणी म्हणतं बाहेरचं लागलं. वैद्यकात याला डेलिरियम म्हणतात. ऑपरेशनचा ताण, संसर्ग, काही औषधं, शरीरातलं पाणी कमी होणं आणि झोपमोड यांतून मेंदूचं भान तात्पुरतं सुटतं. दिवसा बरं वाटतं, रात्री वाढतं. मूळ कारण डॉक्टर शोधतात, पण भान परत आणायला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी घरून येतात: तिचा चष्मा, कानाचं यंत्र आणि ओळखीचा आवाज. आपल्या भागात त्यात भाषेचीही भर पडते. बाजारात कानडीत भाव करणारी आजी गुंगीत असताना सिस्टरने ‘इदु याव ऊरु?’ (हे कुठलं गाव?) विचारल्यावर गप्प राहिली, तर ती भानावर नाही की प्रश्न पोचला नाही, हे कसं ठरवणार? सूनबाईने मराठीत विचारलं, ‘आत्या, आज बाजाराचा वार कुठला?’ की बरंच कळतं. ते सिस्टरला सांगावं. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवली, तरी डेलिरियमचं प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. मात्र संसर्गही वाढले नाहीत, आणि नातेवाइकांची चिंता कमी झाली. त्या नातेवाइकांना आधी बसवून सगळं समजावून सांगितलं होतं, हे महत्त्वाचं.

पिशवीतलं काय? शहाळ्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात पोटॅशियम साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम असतं. मोठं शहाळं म्हणजे ६०० मिलिग्रॅमच्या पुढे. धडधाकट मूत्रपिंडं जादा पोटॅशियम बाहेर टाकतात. डायलिसिसवरच्या माणसाला मात्र दिवसभरात दोन ग्रॅमच्या आसपासच पथ्य सांगितलेलं असतं. रक्तात ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, अगदी थांबूही शकतात. रक्तदाबाची काही औषधंही पोटॅशियम वाढवतात. कुंद्याचं तसंच. शरीर आजाराशी झुंजत असताना कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि मधुमेह नसलेल्याचीही साखर चढते. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम पिकण्याचा धोका वाढतो. डबा सोबतच्या माणसाच्या हाती द्यावा, त्याच्या पोटाकडे तसंही कुणाचं लक्ष नसतं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्याला ‘एक बिस्कीट तरी खा’ म्हणणारी मावशी तर प्रत्येक वॉर्डात असते. भुलीत घशाची राखण सुटते, पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून हलकं खाणं सहा तास आधी बंद.

बसून राहण्यापेक्षा उपयोगी पडायचं असेल तर चालवायला न्या. एका प्रयोगात निरोगी वयस्क माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांतलं सुमारे एक किलो मांस झडलं. आजाऱ्याचं त्याहून लवकर झडतं. सिस्टरला विचारून, काखेत हात घालून व्हरांड्याच्या टोकापर्यंत एक फेरी मारावी. लघवीची पिशवी जोडलेली असेल तर ती कमरेच्या खालीच धरावी, वर उचलली की लघवी नळीतून मूत्राशयाकडे उलटी फिरते.