निरर्थक टक्कर

ऑगस्ट २००४. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथे भरलेल्या 'क्रिप्टो' परिषदेत शियाओयुन वांग या चिनी गणितज्ञ बाईंनी दोन लांबलचक आकडे सादर केले. दोन्ही १०२४ बिटांचे, एकमेकांपासून जेमतेम काही बिटांनी वेगळे, दिसायला निव्वळ कचरा. पण दोघांचा एमडी५ हॅश एकच येत होता. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बाहेरच्या जगाची प्रतिक्रिया मात्र थंड होती: असल्या कचऱ्याच्या दोन तुकड्यांनी कोणाचं काय बिघडणार?

हॅश फंक्शन म्हणजे माहितीचा ठसा काढणारं गणित. फाइल एका ओळीची असो वा हजार पानांची, एमडी५ तिच्यातून १२८ बिटांचाच ठसा काढतं. डिजिटल सही करताना अख्ख्या दस्तऐवजावर सही होत नाही, त्याच्या ठशावर होते. म्हणजे दोन दस्तऐवजांचा ठसा एकच निघाला, तर एकावरची सही उचलून दुसऱ्यावर चिकटवली तरी ती खरीच ठरते. अशा जोडीला कोलिजन, म्हणजे टक्कर म्हणतात.

टकरी असतातच. फायली अगणित आणि ठसे मोजके, तेव्हा काही फायलींच्या वाट्याला एकच ठसा येणार, हे कोणतंही फंक्शन टाळू शकत नाही. चांगलं हॅश फंक्शन एवढीच हमी देतं की अशी जोडी शोधणं कोणाच्या आवाक्यात नसेल. ही हमी वाटते त्यापेक्षा तोकडी असते. खोलीत २३ माणसं असली की त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. कारण माणसं २३ असली तरी जोड्या २५३ होतात. त्याच हिशेबाने १२८ बिटांच्या ठशात टक्कर सापडायला २ च्या १२८ व्या घाताइतके नव्हे, तर ६४ व्या घाताइतकेच प्रयत्न लागतात. हा आकडासुद्धा साधारण १८ वर १८ शून्यं इतका आहे. वांग यांनी मात्र आंधळी शोधाशोध केलीच नाही. एमडी५ फाइलचे ५१२ बिटांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा ६४ पायऱ्यांतून घुसळतं. त्यांनी पहिल्या तुकड्यात असा फरक पेरला की घुसळणीअंती त्याचा ठरावीक अवशेष उरावा, आणि दुसऱ्या तुकड्यातल्या फरकाने तो अवशेष पुसून टाकावा.

आता कचऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. एमडी५ फाइल एका दमात गिळत नाही. ५१२ बिटांचा एकेक घास घेतं आणि प्रत्येक घासानंतरची आपली अंतर्गत स्थिती पुढच्या घासाकडे सोपवतं. टक्कर झाली की दोन्ही फायलींची स्थिती तंतोतंत एक होते. त्यापुढे दोन्हींना सारखाच मजकूर कितीही जोडा, ठसे जुळलेलेच राहतात. शिवाय कचऱ्याआधी दोन्हींत एकच सुरुवात हवी ती ठेवता येते. २००५ साली माग्नुस डाउम आणि श्टेफान लुक्स यांनी याच फटीत बोट घातलं. छपाईसाठी वापरली जाणारी पोस्टस्क्रिप्ट फाइल हा खरं तर छोटा प्रोग्रॅमच असतो. त्यांनी दोन्ही फायलींत दोन वेगवेगळी पत्रं भरली आणि आज्ञा लिहिली: कचरा अमुक असेल तर हे पत्र दाखव, नाहीतर ते. एका फायलीत साधं शिफारसपत्र दिसतं, दुसरीत गोपनीय कागदपत्रं पाहू देण्याचा आदेश, ठसा एकच. कचरा वाचला जातच नाही, तो फक्त खटक्याचं काम करतो.

तरी 'दोन्ही फायलींची सुरुवात सारखीच लागते ना?' हा आधार उरला होता. तोही २००७ मध्ये गेला. मार्क स्टीव्हन्स, आर्येन लेन्स्ट्रा आणि बेने द वेगर यांनी दोन पूर्णपणे वेगळ्या सुरुवातींनाही टक्कर घडवून दाखवली. पुढच्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनमधल्या एका परिषदेत त्याचं फळ दिसलं. संशोधकांच्या एका गटाने सुमारे २०० प्लेस्टेशन ३ यंत्रं जुंपली, वेबसाइट अस्सल असल्याची ग्वाही देणाऱ्या एका प्रमाणपत्र संस्थेकडून साध्या वेबसाइटचं प्रमाणपत्र घेतलं आणि त्यावरची सही स्वतः बनवलेल्या दुसऱ्या प्रमाणपत्राला लावली. हे दुसरं साधं नव्हतं. त्याच्या जोरावर कोणत्याही वेबसाइटच्या नावे प्रमाणपत्र काढता आलं असतं आणि ब्राउझरने ते मुकाट्याने मानलं असतं. गैरवापर होऊ नये म्हणून त्यांनी त्याची मुदत २००४ सालातच संपलेली दाखवली होती. टक्कर आधीच जुळवून ठेवायला प्रमाणपत्राचा सगळा मजकूर आधी माहीत लागतो. संस्था प्रमाणपत्रांना ओळीने अनुक्रमांक देत होती, म्हणून पुढचा अंक आधीच हेरता आला. अनुक्रमांक यादृच्छिक असता तर हा बेत फसला असता.

इथे एक गल्लत दूर करायला हवी. दिलेल्या ठशाला जुळणारी दुसरी फाइल शोधणं हे वेगळं आणि कितीतरी अवघड काम आहे. एमडी५ साठीसुद्धा ते अजून कोणाला व्यवहारात जमलेलं नाही. टकरीत दोन्ही फायली हल्लेखोरच घडवतो. पासवर्ड साठवताना एमडी५ वापरणं वाईटच, पण त्याचं कारण टक्कर नाही. एमडी५ चा वेग अतोनात असल्याने अंदाज लावून पाहणाऱ्याचं फावतं, हे आहे. मात्र या फरकाचा आडोसा घेऊन 'आमच्याकडे एमडी५ चालतं' म्हणणारे बहुतेकदा स्वतःची यंत्रणा नीट न पाहताच बोलत असतात, असं माझं मत.

२०१२ मध्ये सापडलेल्या 'फ्लेम' या हेरगिरीच्या व्हायरसने एमडी५ ची टक्कर वापरून मायक्रोसॉफ्टच्या सहीचं खोटं प्रमाणपत्र मिळवलं होतं आणि तो विंडोजच्या अपडेटचं सोंग घेऊन पसरत होता. तो सापडला संशोधकांच्या प्रात्यक्षिकानंतर जेमतेम साडेतीन वर्षांनी.

१६० बिटांचा ठसा काढणाऱ्या शा-१ या दुसऱ्या हॅश फंक्शनची पाळी २३ फेब्रुवारी २०१७ ला आली. ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी एकच शा-१ ठसा असलेल्या दोन पीडीएफ फायली जाहीर केल्या. त्यासाठी नव्वद हजार कोटी कोटींच्या घरात गणनं लागली होती. त्या फायली वेबकिट या ब्राउझरच्या गाभ्याच्या प्रकल्पाच्या कोड-भांडारात चाचणीसाठी ठेवल्या गेल्या आणि भांडारच अडकून पडलं, कारण वेगळ्या फायलींचे ठसे वेगळेच असणार हे तिथे गृहीत होतं.

२०२४ मध्ये एमडी५ पुन्हा बातमीत आलं. नेटवर्कमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरवणारा रेडियस हा १९९० च्या दशकातला प्रोटोकॉल अजून त्याच्यावर विसंबून होता. मधल्या मार्गावर बसलेला हल्लेखोर काही मिनिटांत टक्कर शोधून सर्व्हरच्या 'प्रवेश नाही' या उत्तराचं 'प्रवेश द्या' करू शकतो, हे संशोधकांनी दाखवलं. टकरीचा कचरा त्यांनी प्रॉक्सी-स्टेट नावाच्या रकान्यात भरला होता. त्या रकान्यात जे येईल ते सर्व्हर न वाचता, जसंच्या तसं परत पाठवतो.