लोखंडी पाटीवर रंग टिकतो कसा

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दारावर घर क्रमांकाची निळी पाटी आहे. दिंडीची फळी निखळली, पण पाटीचा निळा अजून ओल्या शाईसारखा दिसतो. गंज आहे तो फक्त स्क्रूच्या दोन भोकांभोवती. बसवताना कुणीतरी जरा जास्त आवळला, टवका उडाला आणि पाणी आत शिरलं. ही पाटी एनॅमलची. म्हणजे तो रंग नव्हेच, ती काच आहे. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड चढवून सुमारे ८०० अंशांच्या भट्टीत वितळवलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये अशा पाट्यांचे कारखाने निघाले आणि रेल्वे स्टेशनांपासून साबणाच्या जाहिरातींपर्यंत त्या सगळीकडे लागल्या. रंग देणारी धातूंची ऑक्साइडं काचेत बंद असतात, त्यामुळे उन्हाचं तिथे फारसं काही चालत नाही.

पण एकेका दुकानासाठी भट्टी कोण पेटवणार? ती कामं पेंटरकडेच राहिली: रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंट. त्याच्याही आधी लोखंडाला अस्तर असायचं शेंदराचं. मारुतीला तेलात कालवून लावायचा तोच परंपरागत शेंदूर, म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसाच्या तेलात घोटला की तो लोखंडाला गंज धरू देत नाही, म्हणून लोखंडी पुलांनाही तोच लागायचा. शिसं विषारी, त्यामुळे तो मागे पडला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) आहे, आणि हे व्हायलाच हवं होतं.

अस्तर गंज अडवतं, ऊन नाही. ऊन रंगाला बांधून ठेवणारी राळच तोडतं. मग पाटीवरून बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागते. त्यात लाल आधी उडतो, कारण स्वस्त लाल रंगद्रव्यं उन्हात लवकर मोडतात. निळ्याचं नशीब १९३५ साली बाजारात आलेल्या थॅलोसायनिन निळ्याने पालटलं. जुन्या बोर्डावर लाल ‘सेल’ पुसट आणि निळा फोन नंबर ठळक दिसतो, तो यामुळे.

दुसरा मार्ग पावडर कोटिंगचा: ओल्या रंगाऐवजी कोरडी भुकटी वितळवून चढवलेला लेप. त्याची सुरुवात १९५०च्या दशकात जर्मनीत झाली. एर्विन गेमर यांनी तापवलेली वस्तू प्लास्टिकच्या भुकटीत बुडवायची पद्धत काढली. ती भुकटी खालून हवा सोडून पाण्यासारखी खळखळत ठेवलेली असे. पुढच्या दशकात विजेचा भार देऊन फवारणी आली. आज भोसरी-चिंचवडला जॉबवर्कवाले हेच करतात: फवारा, मग साधारण १८० ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये भाजणी. मात्र पावडर-पावडरमध्ये फरक आहे. इपॉक्सी राळेची पावडर लोखंडाला घट्ट धरते, पण उन्हात भुकटते. इपॉक्सी मिसळलेली हायब्रिड घरातल्या रॅकला ठीक. रस्त्यावरच्या पाटीला प्युअर पॉलिएस्टरच मागावी. १९६५ पासून पीव्हीडीएफ नावाचं फ्लोरिनयुक्त लेपनही मिळतं. ते सगळ्यांत टिकाऊ आणि महाग, बाहेरच्या चांगल्या एसीपी शीटवर (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा) तेच असतं.

आणि पावडरीइतकंच महत्त्व खालच्या तयारीला. ‘सेव्हन टँक’ केलंय का, हे विचारावंच: तेल काढणं, गंज काढणं, फॉस्फेटिंग (लेप धरावा म्हणून फॉस्फेटचा पातळ थर) आणि मधली धुणी. आमच्या सोसायटीच्या फाटकावरची पाटी प्युअर पॉलिएस्टरचीच होती, सेव्हन टँकही झालं होतं. पण भोकं कोटिंगनंतर पाडली गेली. जूनमध्ये लावली, गणपतीपर्यंत चारही स्क्रूंखालून तपकिरी ओघळ उतरले.