मॅन्टिस श्रिम्पसाठी मत्स्यालय

मॅन्टिस श्रिम्प हा स्टोमॅटोपोडा गणातील, कोळंबीशी दूरचे नाते असलेला सागरी प्राणी. तो दिवसाचा बराचसा वेळ बिळात काढतो, शिकार तिथे ओढून नेऊन खातो आणि कातही तिथेच टाकतो. म्हणून त्याची टाकी बिळापासूनच आखायला घ्यावी.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. भाल्यासारख्या काटेरी अवयवाने भोसकणाऱ्या जातींना खोल, मऊ वाळू लागते. गदेसारख्या अवयवाने ठोसा मारणाऱ्या जाती दगडांच्या कपारीत किंवा खडी-वाळूत घर करतात. यांपैकी मयूर मॅन्टिस सर्वांत लोकप्रिय आहे. तो सुमारे १८ सेंमी. वाढतो, त्यामुळे त्याला १२० ते १५० लिटरची टाकी हवी. लहान जातींना ४० लिटरचीही पुरते. ठोशाने काच तडकल्याच्या घटना विरळ असल्या, तरी ॲक्रिलिकची टाकी अधिक भरवशाची.

बिळासाठी अपारदर्शक पीव्हीसी पाइप उत्तम. प्राण्याला आत सहज वळता येईल एवढी रुंदी ठेवावी, पाइपला बाक द्यावा आणि दोन्ही तोंडे उघडी ठेवावीत. शंख-शिंपल्यांचे तुकडे, प्रवाळाची खडी भरपूर टाकावी. तो एकेक तुकडा उचलून दार स्वतः बांधतो. मोठे दगड आधी थेट तळावर टेकवावेत, वाळू नंतर ओतावी. नाहीतर तो खालून उकरतो आणि दगड त्याच्याच अंगावर कोसळतात. प्रकाश मंद असावा.

पाण्याची सापेक्ष घनता (खारटपणाचे माप) १.०२५ च्या आसपास, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. प्राणी आणण्यापूर्वी टाकीतील घाण पचवणारे जिवाणू स्थिरावून अमोनिया व नायट्राइट ही विषारी द्रव्ये शून्यावर आली पाहिजेत. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात आणि इथली घाई प्राण्याच्या जिवावर बेतते. मांसाहारामुळे पाणी लवकर बिघडते, म्हणून प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणारे उपकरण) असलेला बरा. तांबेयुक्त औषधे त्याला विषासमान आहेत.

कात टाकण्याआधी तो बिळाचे तोंड खडीने बुजवतो आणि कित्येक दिवस दिसत नाही, खातही नाही. मेला असेल या शंकेने बीळ उकरणे ही सर्वांत घातक चूक, कारण त्या वेळी त्याचे नवे कवच मऊ असते. काही काळाने तो आपणहून बाहेर येतो.

टाकीत सोबती नकोत. ठोसा मारणाऱ्या जातींना गोगलगायी, छोटे खेकडे व शिंपले हे खाद्य, तर भोसकणाऱ्यांना मासे व कोळंबी. उरलेले तुकडे त्याच दिवशी लांब चिमट्याने काढावेत. हात घालू नये.