सुट्या भागांची गाडी आणि तिचा गोतावळा

१९५७ साली लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची दोन आसनांची गाडी बाजारात आणली. तिला दारं नव्हती आणि डोक्यावर धड छप्परही नव्हतं. किमती मात्र दोन होत्या. कारखान्यातून जोडून तयार हवी असेल तर १०३६ पौंड. तीच गाडी खोक्यांत भरून घरी नेली आणि स्वतः जोडली, तर ५३६ पौंड. जोडायची मजुरी काही पाचशे पौंड नव्हती. मधल्या फरकात मोठा वाटा सरकारचा होता, आणि किट कार नावाचा सगळा प्रकार फोफावला तो या फरकाच्या खतावर. जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या फटीत पिंपळ उगवतो ना, तसा हा छंद ब्रिटनच्या करकायद्याच्या फटीत उगवला.

तो कर म्हणजे परचेस टॅक्स. महायुद्धाच्या काळात, १९४० साली, लोकांनी चैनीवर पैसा उधळू नये म्हणून ब्रिटनने तो बसवला. युद्ध संपलं, कर राहिला. कर बहुधा राहतातच. तयार मोटार ही चैन, म्हणून तिच्यावर जबर आकारणी. पण एका खोक्यात इंजिन, दुसऱ्यात गिअरबॉक्स, बाजूला नळ्यांचा सांगाडा आणि पिशवीभर नटबोल्ट, ही काही मोटार नव्हे. तिच्यावर कर नाही.

अट एवढीच की गिऱ्हाइकाने गाडी खरोखर स्वतः जोडायची आणि विकणाऱ्याने जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. यावर लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने काढलेला तोडगा या मंडळींत आजही चवीने सांगितला जातो. त्याने गाडी कशी जोडायची हे लिहून दिलंच नाही. कशी खोलायची हे लिहून दिलं. गिऱ्हाइकाने कागद शेवटाकडून वाचायचा. हा माणूस कधीतरी सदाशिव पेठेत राहून गेला असावा, अशी शंका मला हा किस्सा ऐकल्यापासून आहे.

चॅपमनने हे काही आकाशातून आणलं नव्हतं. त्याच्या आधीपासून इंग्लंडात ‘स्पेशल’ बनवण्याची चाल होती. ऑस्टिन सेव्हन ही छोटी, स्वस्त गाडी १९२२ ते १९३९ या काळात लाखांच्या घरात विकली गेली. युद्धानंतर ती भंगाराच्या भावात मिळू लागली. तरुण पोरं तिचं वरचं कलेवर काढून टाकायची, चॅसी (खालचा सांगाडा) आणि इंजिन ठेवायची आणि वर आपल्या मनाजोगता पत्रा ठोकायची. या ऑस्टिनवाल्यांनी १९३९ सालीच ‘७५० मोटर क्लब’ काढला होता. इंजिन ७४७ सीसीचं, म्हणून नाव ७५०. स्वस्तात शर्यत करायची आणि एकमेकांना मदत करायची, हे या क्लबचं सूत्र.

चॅपमन याच मुशीतला. लंडन विद्यापीठात इंजिनीअरिंग शिकत असताना १९४८ साली त्याने आपली मैत्रीण हेझल हिच्या आईवडिलांच्या घरामागच्या गॅरेजात ऑस्टिनवर पहिली गाडी बांधली. पुढे ७५०च्या शर्यतीत त्याने एक गंमत केली. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून हवा-पेट्रोल आत जायची एकच वाट असे. त्याने आत पडदा घालून प्रत्येक सिलिंडरची वाट वेगळी केली. गाडी इतकी पळाली की क्लबला त्या युक्तीवर बंदी घालावी लागली. १९५२ साली लंडनच्या हॉर्न्सी भागात, वडिलांच्या हॉटेलामागच्या जुन्या तबेल्यात, त्याने कंपनी थाटली. त्याच सुमारास आलेली ‘मार्क सहा’ ही लोटसची पहिली खरी विकाऊ गाडी सुट्या भागांचीच होती. सांगाडा आणि पत्रा लोटसकडून घ्यायचा, इंजिन आणि बाकीचं सामान जुन्या फोर्डमधून काढायचं.

ज्या जुन्या गाडीतून सामान काढायचं, तिला ‘डोनर’ म्हणतात. रक्तदात्यासारखा दाता, फक्त हा दाता शेवटी भंगारवाल्याकडे जातो.

दुसरी गोष्ट घडली ती फायबरग्लासमुळे. पत्र्याची बॉडी छापायची तर अवाढव्य प्रेस आणि डाय लागतात, लाखांचा मामला. फायबरग्लासला एक साचा, काचतंतूंची चटई, रेझिनचा डबा आणि ब्रश पुरतो. पेणच्या कारखान्यात गणपतीचा साचा चांगला जमला की त्यातून पन्नास मूर्ती निघतात, तसंच हे. १९५०च्या दशकात इंग्लंडभर शेडांमधून अशा बॉडी निघू लागल्या. जुनी, उभट, म्हातारीसारखी दिसणारी फोर्ड आणायची, तिचं डबडं काढायचं आणि त्याच चॅसीवर मासोळीसारखी बॉडी बसवायची. बाहेरून इटालियन शर्यतीची गाडी, आतून ब्रेक लागेल न लागेल अशी फोर्ड. यातल्या कित्येक गाड्या अर्धवट जोडलेल्या अवस्थेतच गॅरेजात पडून राहिल्या. पण जिनेटा, मार्कोस, टीव्हीआर अशी पुढे नावाला आलेली घराणी याच मातीतली. मार्कोसने तर सुरुवातीला चॅसी चक्क लाकडाची केली. वेल्समधली गिल्बर्न ही मला सगळ्यांत आवडणारी कथा: जाइल्स स्मिथ हा खाटीक आणि बर्नार्ड फ्रीझ हा जर्मन इंजिनीअर. दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून कंपनीचं नाव झालं आणि पहिली गाडी खाटकाच्या दुकानामागे तयार झाली.

आता या गोतावळ्याबद्दल. किट कारवाले इतके एकमेकांना धरून का असतात, याचं उत्तर लोक साहेबाच्या क्लबप्रेमात शोधतात. मला ते त्या उलट्या कागदात दिसतं. शेवटून वाचलेल्या कागदाला प्रश्न विचारता येत नाही. स्टीअरिंगचा दांडा एक्झॉस्टला घासतोय, आता काय? कारखान्याला सूचना देता येत नाहीत, गल्लीतल्या मेकॅनिकने अशी गाडी पाहिलेली नाही. मग ज्याने मागच्या वर्षी हीच गाडी जोडली, त्याचं दार वाजवायचं. तो चहा पाजतो, आपली गाडी दाखवतो, दुसऱ्या शनिवारी इंजिन उचलायला येतो. इंजिन बसवणं हे एकट्याचं कामच नव्हे. एकाने क्रेनचा हात हळूहळू सोडायचा, दुसऱ्याने गिअरबॉक्सचं शेपूट त्या चिंचोळ्या बोगद्यात सरकवायचं आणि तिसऱ्याने रंगवलेल्या नळीवर चादर धरून ओरडायचं.

असो. या धंद्याला पहिला फटका १९५९-६० मध्ये बसला. मिनी आली आणि तीही करासकट ४९६ पौंडांत. एवढ्या पैशांत नवी, चारजणांची, रस्ता धरून पळणारी गाडी मिळत असताना जुन्या फोर्डवर बॉडी चिकटवायला कोण बसतो? १९६० साली जुन्या गाड्यांची एमओटी तपासणी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची परीक्षा, सक्तीची झाली आणि गंजलेल्या ऑस्टिन-फोर्ड रस्त्यावरून उतरू लागल्या. १९६२ अखेर परचेस टॅक्सही २५ टक्क्यांवर आला, म्हणजे फटच बुजत चालली.

त्याच काळात अमेरिकेत वेगळ्याच वाटेने तेच घडलं. कॅलिफोर्नियात होड्या बांधणाऱ्या ब्रूस मायर्सने १९६४ साली ‘मँक्स’ ही फायबरग्लासची बग्गी काढली. पुढे फोक्सवॅगन बीटलचा तळ फूटभर कापून छोटा करायचा आणि वर ही टबसारखी बॉडी बसवायची, असा तिचा घाट ठरला. तिथे कराचा प्रश्न नव्हता, समुद्रकिनाऱ्यावरची वाळू होती. मायर्सने मूळच्या सुमारे सहा हजार केल्या. नकला किती झाल्या याला गणती नाही. नकलेविरुद्ध तो कोर्टात गेला आणि हरला.

ब्रिटनमध्ये निर्णायक वर्ष १९७३. देश युरोपीय समुदायात गेला, १ एप्रिलपासून परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि व्हॅट सुट्या भागांवरही लागू झाला. पिंपळाखालची भिंतच पडली. चॅपमनला तसाही आता सेव्हनचा कंटाळा आला होता. त्याने तिचे हक्क सरे परगण्यातल्या कॅटरहॅम या गावच्या विक्रेत्याला, ग्रॅहम निअर्नला, विकून टाकले. हिशेबाने पाहिलं तर किट कार इथे संपायला हवी होती. कॅटरहॅम सेव्हन आजही निघते आणि आजही खोक्यांत भरून घरी नेता येते. कर गेला तरी लोक जोडतच राहिले, कारण एव्हाना त्यांना जोडण्याची आणि त्या शनिवारच्या चहाची चटक लागली होती.

१९८०च्या दशकात तर पूर आला. गंजून गेलेल्या फोर्ड एस्कॉर्ट आणि कॉर्टिना ढिगाने मिळत होत्या. बॉडी सडलेली, इंजिन ठणठणीत. डटन कंपनीने त्यांच्या जोरावर स्वस्त किट हजारोंनी विकले. कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या नकला झाल्या, फेरारीच्याही झाल्या. साध्या गाडीवर घोड्याचं बोधचिन्ह चिकटवून फेरारी म्हणवणं मला कधी रुचलं नाही, पण तो ज्याचा त्याचा प्रश्न. १९९६ साली औंडल इथल्या शाळेतल्या रॉन चॅम्पियन या शिक्षकाने कळस केला. किटच विकत घेऊ नका, सांगाडासुद्धा स्वतः वेल्ड करा, हे शिकवणारं पुस्तक त्याने लिहिलं. एक इंची चौकोनी पाइप, एक जुनी एस्कॉर्ट आणि खर्च २५० पौंड. अशा गाड्यांना ‘लोकॉस्ट’ नाव पडलं आणि ७५० क्लबने त्यांच्या शर्यतीही सुरू केल्या.

मग सरकार पुन्हा आलं. १९९८ पासून घरी जोडलेल्या प्रत्येक गाडीची एकेकटी तपासणी होऊ लागली. २००९ पासून तिला आयव्हीए म्हणतात. निरीक्षक ब्रेक, धूर, दिवे पाहतो ते ठीक. पण त्याच्याकडे १०० मिलिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. तो गाडीच्या अंगावरून फिरवायचा. गोळा जिथे टेकेल तिथली कड निदान २.५ मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी, नाहीतर नापास. सेव्हनसारख्या उघड्यावाघड्या गाडीत टेकणार नाही असं ठिकाण शोधावं लागतं. म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री प्रत्येक पत्र्याच्या कडेला रबरी पट्टी आणि प्रत्येक बोल्टला प्लास्टिकची टोपी चढते. पास झालेल्या गाडीवरून ती संध्याकाळपर्यंत उतरते आणि मित्राच्या गाडीसाठी डब्यात जाते.

अशा डब्यांची देवाणघेवाण मेच्या सुरुवातीला वॉरिकशरमधल्या स्टोनली इथल्या मेळ्यात उघड्यावर दिसे. बोनेट उघडी ठेवण्याची रीत. गाडी किती पळते हे कोणी विचारत नाही, ब्रेकची नळी कुठून नेली हे वाकून पाहतात. एरवी महिन्यातून एका संध्याकाळी ठरलेल्या पबात जमायचं, त्याला ‘नॉगिन अँड नॅटर’ म्हणतात, म्हणजे घोट आणि गप्पा. सेव्हनवाल्यांचा आणखी एक शब्द आहे: ‘ब्लॅट’. रविवारी पहाटे, रस्ते रिकामे असताना, चार-पाच गाड्यांनी मिळून गावांमधल्या वळणावळणाच्या वाटांवर मारलेली फेरी. समोरून दुसरी सेव्हन आली तर हात करायचा. लाल परीचे ड्रायव्हर घाटात एकमेकांना करतात तसा.

आपल्याकडे खोक्यांतून आलेली गाडी नवी नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला परदेशी सामानातून गाड्या जोडत होती; महिंद्रांनी १९४७ नंतर विलीज जीप अशाच जोडल्या. पण ते कारखान्याचं काम. घरी जोडलेल्या एकुलत्या एका गाडीला आपल्या कायद्यात जागा नाही. नव्या मॉडेलला पुण्याच्या एआरएआयसारख्या, वाहनं तपासणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं, आणि आहे त्या गाडीचा मूळ घाट बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

२०२१च्या डिसेंबरात सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहाराने भंगारातून बांधलेली छोटी जीप देशभर गाजली. खर्च साठेक हजार, सुरू करायची ती दुचाकीसारखी किक मारून. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि म्हटलं, ही नियमांत बसत नाही, कधीतरी अडवतीलच. त्यापेक्षा ती आम्हाला द्या आणि बोलेरो घ्या. महिनाभरात बोलेरो आली. ब्रिटनमध्ये तोच लोहार ती गाडी घेऊन आयव्हीएच्या रांगेत उभा राहिला असता. निरीक्षकाने गोळा फिरवून सांगितलं असतं: मागच्या दिव्याची कड टोचतेय, रबर लावून पुन्हा या. आणि रांगेत मागे उभ्या असलेल्या कोणीतरी आपल्या डब्यातून पट्टीचा तुकडा काढून दिला असता.